वरोऱ्याच्या बाजारातील भाजी



गेल्या महिन्यात मंदिरातील सायंकाळच्या स्वाध्यायानंतर आमचे एक स्नेही मुद्दाम मागे थांबले. मानवतच्या मोंढ्यात त्यांच्या घराण्याची तीन पिढ्यांची अडत आहे. सरकीचा भाव आणि सोयाबीनची आवक यांखेरीज दुसऱ्या विषयावर ते सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र ते नातवाविषयी बोलले. नातू पुण्यात अभियंता झाला आहे. दुकानात यावे किंवा नोकरी धरावी अशी घरच्यांची अपेक्षा. त्याने मात्र केनियातील एका ग्रामविकास वसाहतीत आठ महिने स्वयंसेवक म्हणून जाण्याचे ठरवले आहे. पाण्याच्या टाक्या बांधायच्या, शाळेत गणित शिकवायचे, गावकऱ्यांबरोबर राहायचे आणि त्यांच्याबरोबरच जेवायचे. वेतन नाही.

घरात दोन प्रश्न निर्माण झाले होते. स्नेह्यांचा स्वतःचा प्रश्न असा, की सेवाच करावयाची तर आपली गावे काय कमी आहेत? त्यांच्या सौभाग्यवतींचा प्रश्न त्याहून लहान आणि अधिक अवघड होता : "तो तिथे कोणाच्या हातचे जेवणार?"

"आपण बँकेत होतात, हिशोब करून सांगा," असे ते म्हणाले. मी दोन दिवसांची मुदत मागितली. तिचा महिना झाला. हिशोब करताना मला केनियापेक्षा वरोराच अधिक आठवत राहिले, आणि त्यापाठोपाठ स्वतःचे एक जुने येणे-देणेही वर आले. वाचकांपुढे ते सारे मांडतो, कारण असे प्रश्न आज आपल्या अनेक घरांत विचारले जात आहेत.

आपला मुलगा परदेशी जातो तेव्हा आपल्याला फक्त त्याच्या अडचणी दिसतात. म्हणून चित्र थोडे उलट करून पाहावे. परक्या देशांतील तरुण आपल्या खेड्यात सेवेसाठी आले, तेव्हा काय झाले? त्यांना काय वेगळे दिसले, आणि त्यांच्यामुळे आपल्याला काय दिसले?

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिअर सेरेसोल नावाच्या एका स्विस अभियंत्याने फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात छावणी उभारली. हे गृहस्थ सामान्य घरातील नव्हते. त्यांचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. युद्धात ज्यांचे देश एकमेकांवर तोफा डागत होते, त्याच देशांतील माणसांनी एकत्र येऊन पडलेली घरे बांधावीत, एवढीच त्यांची कल्पना. भाषणे करावयाची नाहीत, काम करावयाचे, हा त्यांचा दंडक. त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल स्वतः सहकाऱ्यांसह तेथे आले आणि डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या मदतकार्याशी जोडले गेले. मुझफ्फरपूर भागात गावे नव्याने वसवण्यासाठी त्यांनी फावडे हातात घेतले. गोरा माणूस म्हणजे हुकूम देणारा, आणि शिकलेला माणूस म्हणजे अंगाला माती न लागू देणारा, अशी समजूत ज्या मुलखात रुजलेली होती, तेथे हे दृश्य नवे होते.

याच संस्थेचे तरुण पुढे, पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात, आपल्या महाराष्ट्रात आनंदवनास आले.

आनंदवनाची जन्मकथा बहुतेकांस ठाऊक आहे. बाबा आमटे हे वरोऱ्याचे वकील, तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष. पावसात भिजत पडलेला, कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम त्यांना दिसला, तेव्हा प्रथम ते घाबरून दूर गेले. त्या भीतीची लाज वाटून ते परतले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्यास जाऊन त्यांनी कुष्ठरोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. आपण व्यापारी माणसे, भांडवलाचा आकडा आपल्या चटकन लक्षात राहतो.

त्या माळावर, बोटे झडलेल्या हातांनी, विहीर खोदली गेली. पाणी लागले. धान्य आले, भाजी आली. खाऊन उरेल एवढी आली, तेव्हा ती वरोऱ्याच्या बाजारात विकावी असे ठरले. कारण आनंदवन भिक्षेवर नव्हे तर श्रमावर चालावे हा बाबांचा आग्रह होता. पण बाजाराने ती भाजी घेतली नाही. महारोग्यांच्या हातची भाजी कोण खाणार? माल चांगला, गरज खरी, गिऱ्हाईक समोर. आणि तरीही व्यवहार शून्य.

अशा वेळी ते परदेशी तरुण आले. निरनिराळ्या देशांतले, निरनिराळ्या भाषा बोलणारे. आनंदवनात इमारतींचे काम करण्यासाठी ते तेथेच राहिले. दगड वाहिले, विटा रचल्या. आणि दिवसाचे काम संपले की रुग्णांनी पिकवलेलेच अन्न ते रुग्णांच्या सोबतीने जेवत. वरोऱ्याच्या लोकांना कुतूहल वाटले. सातासमुद्रापलीकडची ही धडधाकट मुले येथे करतात तरी काय, हे पाहावयास लोक येऊ लागले. महिनाभरात ती मुले आजारी पडली नाहीत, बोटे झडली नाहीत, काही नाही. बहिष्कार हळूहळू सैल झाला आणि आनंदवनाची भाजी बाजारात जाऊ लागली. आनंदवनाच्या इतिहासात हा प्रसंग आवर्जून सांगितला जातो.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला येथे एक शब्द सुचतो : पत. आनंदवनाच्या भाजीत दोष नव्हता. तिला बाजारात पत नव्हती. पत औषधाने येत नाही आणि व्याख्यानानेही येत नाही. त्या काळी कुष्ठरोगावर गुणकारी औषध आलेले होते. या रोगाचा जंतू तर नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ सालीच शोधला होता. अन्नातून हा रोग पसरत नाही, बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते, हे वैद्यकाला माहीत होते. तरी बाजार हलला नाही. बाजाराला जामीन हवा होता. त्या मुलांनी आपल्या शरीराचा जामीन दिला. ते समोर बसून जेवले, एवढेच.

आता यातून कोणी असा निष्कर्ष काढू नये की पाश्चात्त्य उदार आणि आपण अनुदार. मध्ययुगीन युरोपातही कुष्ठरोग्यांना गावाबाहेरच्या वसाहतींत ठेवत. आपल्याकडे निर्धन कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ सालचा कायदा इंग्रजांचाच होता. तो आपल्या संसदेने रद्द केला २०१६ साली! आणखी एक गोष्ट आपल्या घरांना थेट लागू होती. १९५५ सालचा हिंदू विवाह कायदा जैन समाजासही लागू आहे. त्यानुसार जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरू शकत होते. ती तरतूद २०१९ साली वगळण्यात आली. म्हणजे रोग बरा होऊ लागल्यावरही कित्येक दशके भीती कायद्यात तशीच नांदत होती. भीतीला पूर्व-पश्चिम नसते.

तरीही एक फरक उरतोच, आणि तो आपल्याला बोचला पाहिजे. त्या तरुणांपैकी बहुतेक जण त्यांच्या देशी मांसाहार करणारे असणार. आपण पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. पाणी गाळून पिणारे, सूर्यास्तापूर्वी जेवणारे, मुंगीला वाट देणारे. पण जिवंत माणसाच्या झडलेल्या हाताची भाजी घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा हात पुढे झाला तो त्यांचा. ताटात काय नसावे, हे आपल्या संस्काराने आपल्याला उत्तम शिकवले. ताटाशेजारी कोण बसावे, याचा विचार आपण आपल्या सोयीने करीत आलो.

आणि हे आपल्या धर्माने शिकवले नाही, असे म्हणण्याचीही सोय नाही. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत तिसरे अंग निर्विचिकित्सा. रोगी, मलिन देहाविषयी किळस न बाळगणे, असा त्याचा अर्थ पाठशाळेत लहानपणीच शिकवतात. त्यासाठी उद्दायन राजाची कथा सांगतात. राजाची परीक्षा पाहण्यासाठी एक देव रोगजर्जर मुनीचे रूप घेऊन आहारासाठी येतो. आहार घेतो आणि राजाच्या अंगावर वमन करतो. दुर्गंधीने सेवक पळून जातात. राजा आणि राणी प्रभावती मात्र त्या देहाला सावरतात, स्वच्छ करतात. 'माझ्याकडूनच अयोग्य आहार दिला गेला' असे म्हणून राजा दोष स्वतःकडे घेतो. अंतरंग तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्य, म्हणजे रुग्ण आणि थकलेल्या साधूंची सेवा, ही प्रायश्चित्त आणि विनयाच्या पाठोपाठ येते, स्वाध्यायाच्याही आधी. आपल्याला कथा पाठ आहे. राजाचे नावही पाठ आहे.

मलाही पाठ होते. आता ते जुने येणे-देणे सांगतो.

१९८०च्या दशकात मी एका खेड्यातील शाखेत तरुण अधिकारी होतो. एके दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, एक वयस्क गृहस्थ काउंटरशी आले. दोन्ही हातांची बोटे झडलेली. गळ्यातल्या कापडी पिशवीत थोड्या नोटा होत्या. त्यांना बचत खाते उघडावयाचे होते. लिहिता येत नव्हते. मी म्हणालो, "सही नसेल तर अंगठा लागतो. अंगठा नाही, मग खाते कसे उघडणार?" ते क्षणभर उभे राहिले. वाद घातला नाही. पिशवी पुन्हा गळ्यात अडकवली आणि गेले.

त्यांचा रोग बहुधा कधीच बरा झालेला होता. झडलेली बोटे ही केवळ त्याची मागे राहिलेली खूण. पण मी तेवढाही विचार केला नाही. काही दिवसांनी, दुसऱ्याच कामासाठी नियमावली चाळत असताना मला आढळले, की ज्याला अंगठा नाही त्याच्या पायाच्या अंगठ्याचा ठसा किंवा त्याने केलेली कोणतीही खूण साक्षीदारांसमोर चालते. नियम माझ्या टेबलाच्या खणातच होता. परंतु खरे सांगावयाचे तर तो मला त्याच दुपारी ठाऊक असता, तरी मी तो शोधला असता का, याची मला खात्री नाही. कारण तो पाळण्यासाठी मला काउंटर ओलांडून त्यांच्याजवळ जमिनीवर बसावे लागले असते, त्यांचा पाय हाती धरून शाई लावावी लागली असती. मी नियमाच्या आड उभा राहिलो. नियमाला बोटे असतात की नाही, हे कोणी विचारत नाही.

ते पुन्हा शाखेत आले नाहीत. खाते उघडण्याच्या अर्जात पहिला रकाना नावाचा असतो. मी त्यांचे नावही विचारले नव्हते.

त्या दिवशी घरी जाऊन मी सूर्यास्तापूर्वी जेवलो. माझ्या आचारात काही उणे नव्हते.

म्हणून स्नेह्यांच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. आपली गावे कमी नाहीत. परंतु आपल्या गावात आपण काउंटरच्या आतल्या बाजूला असतो. ज्या गावात आपल्या घराण्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, जेथे पाण्याचा हंडा आपल्यालाच उचलावा लागतो, जेथे आपण परके आणि दुसऱ्याच्या विश्वासावर अवलंबून असतो, तेथे माणसाला काउंटरची दुसरी बाजू कळते. वरोऱ्याला जे वर्षानुवर्षे दिसले नाही, ते दाखवण्यासाठी परकी मुले यावी लागली. आपल्या मुलाने परके होऊन पाहावे, आणि तेच डोळे घेऊन मानवतला परत यावे. आठ महिन्यांची अडत बुडेल. पण हे भांडवल दुसऱ्या कोणत्या पेढीवर मिळत नाही.

शिवाय केनिया आपल्या लोकांना नवी नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जामनगरकडील ओसवाल जैन कुटुंबे तेथे व्यापारास गेली. मोंबासा आणि नैरोबीत आज आपली मंदिरे आहेत. तेथील स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका'च म्हणतात. व्यापारासाठी आपण समुद्र ओलांडला, तेव्हाही घरच्या आजींनी हाच प्रश्न विचारला असेल.

आता तो दुसरा प्रश्न : कोणाच्या हातचे जेवणार?

या प्रश्नाची मी थट्टा करणार नाही. आहाराचा नियम हा आपल्या घरांचा कणा आहे आणि तो मोडून सेवा होते असे मला वाटत नाही. केनियाच्या खेड्यात मक्याच्या पिठाचा उकडलेला घट्ट गोळा, ज्याला ते उगाली म्हणतात, आणि त्याबरोबर शिजवलेली हिरवी पालेभाजी हे रोजचे जेवण असते. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाणाऱ्या परभणी जिल्ह्यातील मुलाला ते फार परके वाटू नये. आफ्रिकेत अनेक ठिकाणी कसावा नावाचे कंदही मुख्य अन्न आहे. ज्या साबुदाण्यावरून आपल्या घरांत अजून वाद चालतात, तो याच कंदापासून होतो! तेव्हा कंदमूळ नको, मांस नको, हे त्याने पहिल्याच दिवशी यजमानांना नम्रपणे सांगावे. कारणही सांगावे. जे खाणार नाही ते स्पष्ट सांगावे, आणि जे खाणार आहे ते त्यांच्याच पंगतीत, त्यांच्याच हातचे खावे. स्वतःचा वेगळा डबा उघडून कोपऱ्यात बसू नये. 'मी हे खात नाही' आणि 'मी तुमच्या हातचे खात नाही' ही दोन वाक्ये जवळजवळ सारखी ऐकू येतात. समोरचा माणूस मात्र त्यांतला फरक क्षणात ओळखतो.

तयारीही आधीच करावी. मॅडेलिन स्लेड, म्हणजे मीराबेन, ७ नोव्हेंबर १९२५ रोजी अहमदाबादेस पोहोचल्या. पण त्याआधी त्यांनी सुमारे एक वर्ष इंग्लंडमध्ये स्वतःला तयार केले होते. मांस व मद्य सोडले, जमिनीवर मांडी घालून बसण्याचा आणि सूत कातण्याचा सराव केला. मगच त्या आल्या. आणि गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास गेले, त्याआधीच त्या तेथे जाऊन राहिल्या होत्या. यजमानाने बदलावे असे म्हणण्याआधी पाहुण्याने काही बदलून यावे, ही त्यांची रीत होती. स्वाहिलीतील शंभर-दोनशे शब्द आणि विटेचे बांधकाम, एवढे तरी आमच्या अभियंत्याने शिकून जावे. पुस्तकात भिंत बांधणे सोपे असते.

माझी आणखी एक सूचना होती. केनियाला जाण्याआधी त्याने एकदा सोमनाथला जावे. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ बाबा आमट्यांनी उभारलेल्या या प्रकल्पावर दर मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ही परंपरा चालू आहे. उन्हात श्रमदान, दुपारी चर्चा, आणि सर्वांबरोबर पंगत. आपल्या घरांतील मुलामुलींना सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी नेतो, त्याऐवजी एक वर्ष तेथे पाठवून पाहावे. विमानाचे तिकीट लागत नाही.

हे सारे मी स्नेह्यांना त्यांच्या पेढीवर बसून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "आणि तुमच्या त्या खातेदाराचे काय?"

मी म्हणालो, "ते खातेदार झालेच नाहीत."

दशलक्षण पर्व जवळ आले आहे. त्यानंतर क्षमावाणीचा दिवस येईल. आमचे श्वेतांबर बांधव मिच्छामि दुक्कडम् म्हणतील, आम्ही उत्तम क्षमा म्हणू. दरवर्षी मी ज्यांची क्षमा मागतो त्यांची यादी मोठी असते, आणि त्यातील बहुतेकांचा मी काही अपराध केलेला नसतो. ज्यांचा केला, त्यांचे नाव मला ठाऊक नाही. या वर्षी यादीत पहिली ओळ कोरी ठेवून मी त्यांची क्षमा मागणार आहे.

नातवाचे तिकीट निघाले असल्याचे कालच कळले. आजीने बरोबर मेथीचे ठेपले दिले आहेत. सोबत सूचनाही दिली आहे, की पहिल्या दिवशी ते एकट्याने खायचे नाहीत, पंगतीत वाढायचे.